योबेलचें शिंग आणि वऱ्हाडचा कापूस

ज्युबिली हा शब्द आपल्याकडे इंग्रजी अमदानींत रूढ झाला, आणि हळूहळू त्याचा अर्थ वर्षांची पूर्तता, मिरवणूक, मानपत्र व स्मरणांक एवढाच उरला. मूळ शब्द इब्री आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. तें पन्नासाव्या वर्षीं फुंकावयाचें, आणि तें वाजलें कीं विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावयाची व दारिद्र्यापायीं दास झालेला माणूस आपल्या घरीं परत यावयाचा, असा निर्बंध लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत घातलेला आहे. मात्र त्याच अध्यायांत थोडें पुढें, परक्या जातींतील दास वंशपरंपरेनें बाळगण्यास मोकळीकही दिलेली आहे. मुक्ति आणि दास्य हीं दोन्ही एकाच पानावर! ख्रिस्ती लोकांचा गुलामगिरीशीं पुढें जो शेंकडों वर्षे संबंध आला, त्याचें बीज ह्या एका अध्यायांत सांपडतें, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

ज्युबिलीच्या अंकांत हा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. वाशीमचा आणि गुलामांचा संबंध तरी काय? संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

इ. स. १८५३ च्या मे महिन्यांत निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८६१ सालीं, अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा पाऊण हिस्सा, किंबहुना त्याहूनही अधिक, दक्षिण संस्थानांतून येत असे. त्या देशांत तेव्हां सुमारे ४० लाख कृष्णवर्णीय माणसें गुलाम होतीं, आणि कापसाच्या मळ्यांचा सारा डोलारा त्यांच्या पाठीवर उभा होता. युद्धांत बंदरांची नाकेबंदी झाली, गिरण्या बंद पडल्या, आणि मँचेस्टरची दृष्टि आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडांतून जाऊन १८६७ सालीं नागपुरास पोंचला. कापसासाठीं एक स्वतंत्र कमिशनर नेमण्यांत आला. १८७० सालीं खामगांवची शाखा उघडण्यास खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो हे आले. वाशीम, कारंजा, मंगरूळ ह्या भागांतील माल बैलगाड्यांनीं त्या रुळांकडे जाऊं लागला. गुलामानें वेंचलेल्या कापसाची जागा कुणब्यानें पिकविलेल्या कापसानें भरून काढली ती अशी.

युद्ध १८६५ सालीं संपलें, गुलाम कायद्यानें मुक्त झाले, आणि इकडे कापसाचे भाव कोसळले. ज्वारीच्या वावरांत शिरलेला कापूस मात्र परत निघाला नाहीं, आणि सावकाराचें देणेंही निघालें नाहीं. पुढें १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हां धान्य बाजारांत होतें, पण तें घेण्याजोगा पैसा मजुराच्या हातांत नव्हता. १८९१ च्या शिरगणतींत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्यें ती साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्यास आपण साम्राज्य म्हणतों त्याचा खरा हिशेब दरबारांच्या वर्णनांत सांपडत नाहीं. तो ह्या दोन आंकड्यांत सांपडतो.

ह्याच दुष्काळांत आपल्या भागांत मिशनांनीं अनाथ मुलांस आसरा दिला. वाशीमास हें काम अमेरिकन मेथडिस्ट मंडळीनें केलें. पोटासाठीं धर्म बदलला, हा टोमणा तेव्हांपासून ऐकूं येतो. टोमणा मारणाऱ्यास एवढेंच विचारावें कीं, त्या वर्षीं दुसरें कोणतें दार त्या मुलांस उघडें होतें? परंतु मिशनांसही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या राज्यव्यवस्थेनें हा दुष्काळ इतका प्राणघातक केला, तिच्याविरुद्ध त्यांच्यापैकीं फार थोडे बोलले. भाकरी दिली, पण भाकरी कां संपली हें विचारलें नाहीं.

आतां आपल्या स्वतःच्या, म्हणजे कॅथलिक, घराकडे वळूं. येथें आडपडदा ठेवण्यांत अर्थ नाहीं. १४५२ सालीं परमगुरु निकोलस पांचवे ह्यांनीं पोर्तुगालच्या राजास आज्ञापत्र देऊन मुसलमान व इतर अख्रिस्ती लोकांस जिंकण्याची आणि त्यांस कायमच्या दास्यांत ठेवण्याची मुभा दिली. १४५५ च्या दुसऱ्या पत्रानें ती दृढ केली. वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं, म्हणजे ही कागदोपत्रीं तयारी आधींच झालेली होती. गोवा १५१० मध्यें पडलें. लिन्शोटेन नांवाचा एक डच तरुण १५८३ सालीं तेथें आला आणि आर्चबिशपांच्या पदरीं चिटणीस म्हणून राहिला. भर रस्त्यांत स्त्रीपुरुष गुलामांचा जनावरांप्रमाणें लिलाव होत असे, असें त्यानें स्वतः पाहून लिहून ठेविलें आहे. त्यांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले लोक असत, तसेच ह्या देशांतीलही असत. घरोघर गुलाम होते. मठांतही होते, संन्यासिनींच्या आश्रमांतही होते. १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनें कोणत्या कारणानें माणसास दास करणें न्याय्य व कोणत्या कारणानें अन्याय्य ह्याची छाननी केली. ती छाननी कांहीं अभाग्यांस उपयोगी पडलीही असेल. परंतु दास्यच अन्याय्य आहे, हें तिनें म्हटलें नाहीं. ज्या राज्यांत हे लिलाव होत, त्याच राज्यांत राशोल येथें १६१६ सालीं फादर स्टीफन्स ह्यांचें मराठी क्रिस्तपुराण छापलें गेलें. आपल्या भाषेचें हें भूषण आणि तो बाजार हीं एकाच काळचीं होत, हें विसरतां येत नाहीं.

ह्याच्या उलट बाजूचे पुरावेही आहेत. परमगुरु पॉल तिसरे ह्यांनीं १५३७ सालीं असें जाहीर केलें कीं, नव्यानें सांपडलेल्या भूमींतील लोक, ते श्रद्धेबाहेर असले तरीही, त्यांचें स्वातंत्र्य व त्यांची मालमत्ता हिरावून घेतां येणार नाहीं. घोषणा उत्तम होती; अंमल राजांच्या हातीं होता, आणि राजांस खाणी व मळे हवे होते. १८३८ सालीं अमेरिकेंतील मेरीलँड येथील येशूसंघीयांनीं, जॉर्जटाउनच्या महाविद्यालयावरील कर्ज फेडण्यासाठीं, आपल्या मालकीचीं २७२ माणसें १,१५,००० डॉलरांस लुइझियानाच्या मळेवाल्यांस विकलीं. त्यांत तान्हीं मुलें होतीं, आणि तीं सारीं स्नानसंस्कार झालेलीं कॅथलिक माणसें होतीं. पुढच्याच वर्षीं परमगुरु ग्रेगरी सोळावे ह्यांनीं गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला. एका वर्षाचें अंतर! त्या माणसांस तें फार मोठें होतें. येशूसंघानें ह्या विक्रीबद्दल त्यांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली ती २०१७ सालीं. आणि पंधराव्या शतकांतील त्या आज्ञापत्रांवर उभारलेला 'शोधाचा सिद्धान्त' रोमनें स्पष्टपणें नाकारला तो ३० मार्च २०२३ रोजीं.

गुलामगिरी हें केवळ फिरंग्यांचें पाप, असें समजून मात्र कोणीं स्वस्थ बसूं नये. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हा विजयनगरच्या मुलुखांतून लहानपणीं पकडून आणलेला हिंदूचा मुलगा होता. १४९० सालीं तो एलिचपुरास स्वतंत्र झाला. मलिक अंबर हबसाणांतून विकत विकत दक्षिणेंत आला. पेशवाईंत कुणबिणी व बटकी विकत घेतल्याच्या नोंदी दप्तरांत आहेत. इंग्रजांनीं १८३३ सालीं आपल्या वसाहतींत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां कंपनीचा हिंदुस्थान त्यांतून वगळला. येथें कायदा झाला तो १८४३ मध्यें. सर्व धर्मांचे लोक ह्या बाजारांत गिऱ्हाइक म्हणून उभे होते.

परंतु महाराष्ट्राच्या भूमींत एक ठिकाण असें आहे कीं, जेथें हा व्यवहार उलटा फिरला, आणि तें आपल्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. नाशिकचें शरणपूर तें हेंच. अरबी समुद्रांत इंग्रजी आरमार गुलामांचीं गलबतें पकडी आणि त्यांतील मुलें मुंबईस उतरवी. त्यांतील पुष्कळांचे आईबाप, गांव, कित्येकदां नांवसुद्धां हरवलेलें असे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस ह्यांनीं १८५४ सालीं त्यांच्यासाठीं नाशिकास आश्रम काढला. तेथें त्यांस लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. ह्या मुलांपैकीं कांहींजण डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या शेवटच्या प्रवासांत आफ्रिकेंत गेले. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन आजच्या झांबिया देशांतील एका खेड्यांत मरण पावले, तेव्हां त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरून अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट ह्या नाशिकांत शिकलेल्या आफ्रिकन तरुणानें; आणि झाडाच्या खोडावर नांवही त्यानेंच कोरलें. मग त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तें प्रेत शेंकडों कोसांवरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेलें. पुढच्या वर्षीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरांत दफनविधि झाला, तेव्हां पेटी धरणारांत वेनराइट होता. पुढें प्राइस मोंबासास गेले. १८७५ सालीं तेथें फ्रेअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, आणि तिचा पाया ह्या नाशिककरांनीं घातला. ज्या खंडांतून त्यांस पोत्यांसारखें नेलें होतें, तेथें ते शिक्षक व कारागीर होऊन परतले.

हें मिशन कॅथलिक नव्हतें, आणि त्याच्यामागें इंग्रजी आरमाराचा व इंग्रजी राजकारणाचा हात होता, हें खरें आहे. म्हणून त्याचें श्रेय कमी होत नाहीं. त्याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुले ह्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या ह्या पुरुषानें तो अमेरिकेंत गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला आणि त्यांचें उदाहरण आपल्या देशबांधवांनीं शूद्रादिकांच्या बाबतींत गिरवावें अशी आशा बाळगली. ज्या युद्धानें वऱ्हाडांत रेल्वे आणली, त्याच युद्धानें पुण्यांत हा विचारही आणला. मला तर त्या रेल्वेपेक्षां हें दुसरें फळ अधिक मोलाचें वाटतें.

गुलाम गेले तरी ऊस उभाच होता. मॉरिशस बेटांत १८३५ सालीं दास्य संपलें आणि मळेवाल्यांनीं करारी मजूर हिंदुस्थानांतून मागविले. कालांतरानें ती संख्या साडेचार लाखांवर गेली. त्यांत मुंबई बंदरांतून चढलेले कोंकणांतील मराठी लोकही होते. १८४१ सालीं तेथें आलेले फ्रेंच धर्मगुरु जाक लाव्हाल ह्यांनीं गोऱ्या मळेवाल्यांची नाराजी पत्करून मुक्त गुलामांत आयुष्य वेंचलें. १८६४ मध्यें ते वारले, १९७९ मध्यें त्यांस धन्यवादित घोषित केलें, आणि त्यांच्या कबरीवर आज हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती सारेच जातात. मराठी मजुरांनीं आपला गणपति सोबत नेला. आज त्या देशांत गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. परमुलुखांत माणसाचें माणूसपण टिकविण्याचें काम धर्म कसें करतो, तें ह्या दोन्ही ठिकाणीं दिसतें.

आपल्या प्रांतांत कॅथलिक श्रद्धा आली तीही स्थलांतरितांच्याच पायांनीं. कामठीच्या छावणींतील आयरिश व मद्रासी शिपाई, सॅव्हॉयच्या ॲनेसी गांवाहून आलेले सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरु, आणि अलीकडे केरळ व छोटानागपुराकडून आलेले धर्मगुरु व धर्मभगिनी. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, अमरावतीचा १९५५ चा. वाशीम जिल्हा अकोल्यापासून पुन्हां निराळा झाला तो १९९८ मध्यें.

आणि आतां ह्याच जिल्ह्यांतून माणसें बाहेर जातात. मानोरा, कारंजा, मालेगांव ह्या बाजूंचे बंजारा तांडे एके काळीं बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ व कापूस वाहत. रेल्वेनें तो धंदा बुडविला. आज त्या तांड्यांतील व आसपासच्या गांवांतील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस, वीटभट्टीस अगर पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघतात. ऊसतोडींत नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. माणसें मोजण्याचें परिमाण हत्यार आहे. मुकादमाकडून आधीं उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची. फिटली नाहीं तर पुढच्या सालीं पुन्हां त्याच मुकादमाकडे जावयाचें. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. कोणी ह्यास गुलामगिरी म्हणूं नये, कारण कोयता घेऊन निघणारा माणूस आपल्या मर्जीनें निघतो. पण उचल घेतल्यावर मर्जी किती उरते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें दिवाळीनंतर एखाद्या तांड्यावर जाऊन बंद दारें मोजावीं.

परमगुरु फ्रान्सिस २०१३ सालीं निवडून आल्यावर रोमबाहेर प्रथम गेले ते लांपेदूझा बेटावर, समुद्रांत बुडालेल्या स्थलांतरितांसाठीं प्रार्थना करण्यास. सुदानांत लहानपणीं विकली गेलेली संत जोसेफिन बाखिता हिचा ८ फेब्रुवारीचा सण २०१५ पासून मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्या तारखेस ऊसतोडीचा हंगाम भरांत असतो. मजुरांचीं मुलें फडावरच्या खोपींत असतात. कोठें साखरशाळा असते, कोठें नसते. मुलें गांवींच राहून शिकावीं म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु तिचा लाभ मुलास मिळतो तो, आईबाप निघण्याच्या आधीं गांवांतील कोणी तरी त्याचें नांव शाळेंत जाऊन लिहविलें तरच.