फी नसलेली विद्या : तालीम, वस्ताद आणि शिकण्याचा अधिकार
(चांदवड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप)

प्रस्तावना

तालुक्याच्या ठिकाणी आज कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदो यांचे वर्ग चालतात. मासिक शुल्क, गणवेश, पट्ट्यांच्या परीक्षा आणि स्पर्धांचा प्रवासखर्च यांची बेरीज केली, तर शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलामुलींना हे शिक्षण आवाक्याबाहेरचे ठरते. साहजिकच, पूर्वीच्या तालमीत हे सारे विनामूल्य मिळत होते, असे अभिमानाने सांगितले जाते. हे विधान खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. तालमीत शुल्क नव्हते, याचा अर्थ तालीम सर्वांना खुली होती असा होत नाही. महाराष्ट्रातील युद्धकलांच्या शिक्षणाची किंमत कोणी, कशाच्या रूपाने आणि किती काळ मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात चांदवड परिसर केंद्रस्थानी ठेवून केला आहे.

चाकरीतून तालमीकडे

सातमाळा रांगेच्या कुशीत वसलेले चांदवड हे लष्करी मार्गावरील गाव होय. वरचा किल्ला, गावातील होळकरांचा रंगमहाल आणि येथे चालणारी टांकसाळ यांवरून त्याचे महत्त्व लक्षात येते. १८०४ साली कर्नल वॉलेस याने चांदवड घेतले. पुढे ते होळकरांकडे परत आले आणि १८१८ साली सर थॉमस हिस्लॉप याच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी पेशवाईचाही अस्त झाला.

या राजकीय घटनेचा शस्त्रविद्येच्या शिक्षणावर खोल परिणाम झाला. तोपर्यंत पट्टा, भाला, तलवार आणि कुस्ती ही चाकरीची साधने होती. ज्याला फौजेत जायचे त्याने ती शिकावी आणि पोट भरावे, असा व्यवहार होता. फौजा मोडल्यावर विद्या जाणणारे राहिले, पण तिची बाजारपेठ उरली नाही. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यार बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला. परिणामी लाठी, फरी-गदगा आणि बोथाटी यांचे महत्त्व वाढले. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे तलवारीऐवजी वापरायची, चामड्याने मढवलेली काठी. बोथाटी म्हणजे टोकाला बोथट गोळा बसवलेला भाला. ज्या साधनांवर कायद्याची नजर कमी, तीच साधने गरिबाच्या ऐपतीतलीही होती. लाठीला झाडाची किंवा बांबूची काठी पुरे, जोर-बैठकांना जमीन पुरे आणि कुस्तीला मातीचा हौद पुरे.

तालीम ही संस्था याच साधेपणावर उभी राहिली. गावाच्या किंवा पेठेच्या वर्गणीतून खोली, हौदातील लाल माती, तीत घालायचे ताक, तेल व हळद, कोपऱ्यात मारुतीची मूर्ती आणि शिकवायला वस्ताद, एवढा तिचा संसार असे. ठरावीक मासिक शुल्काची पद्धत नव्हती. नारळ फोडून प्रवेश आणि गुरुपौर्णिमेला यथाशक्ती दक्षिणा, अशी रीत होती. वस्तादाचा निर्वाह शेती, नोकरी, आश्रयदाता किंवा जत्रेतील बिदागी यांवर चाले. म्हणजेच शिकवण्याची किंमत शिष्याऐवजी समाज आणि वस्ताद स्वतः मोजत होते.

गुरूविना आणि जोडीदाराविना

ज्याला गुरू नाही त्याने काय करावे, या प्रश्नाचे एक पारंपरिक उत्तर नाशिक जिल्ह्याशीच जोडलेले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या बाजूने आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांनी आव्हान दिले. ते स्वीकारणाऱ्या बाळंभटदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगगडावर उपासना केली, आणि तेथे झाडावरील वानराच्या हालचालींतून त्यांना मल्लखांबाची विद्या गवसली, अशी आख्यायिका आहे. मल्लखांबाचे उल्लेख त्याआधीही सापडतात. त्यामुळे बाळंभटदादांना त्याचे पुनरुज्जीवक म्हणणे अधिक योग्य ठरते.

आख्यायिका इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. प्रतिस्पर्धी मल्लाच्या जागी एक लाकडी खांब उभा करावा, त्याला एरंडेल लावावे आणि पकड, तोल व उलट यांचा सराव एकट्याने करावा, ही कल्पना साधनहीन शिकणाऱ्याला मोठा आधार देते. मल्लखांब हा मुळात कुस्तीगिराचा पूरक व्यायाम होता. एक खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि एकाच वेळी अनेकांना शिकवतो.

विसाव्या शतकात या आधाराला छापील ग्रंथाची जोड मिळाली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे १० खंड प्रसिद्ध झाले. वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या चित्रांसह ग्रंथालयाच्या कपाटात आली. मात्र ग्रंथाला मर्यादाही होती. पवित्रा पुस्तकातून कळतो, पण वाराचा अंदाज समोर माणूस असल्याशिवाय येत नाही. पुस्तक तालमीला पूरक ठरले, पर्याय ठरले नाही.

विद्या फुकट, खुराक महाग

तालमीचा खरा खर्च खुराकाचा होता. दूध, तूप, बदाम आणि रोजचे पोटभर अन्न यांवाचून जोर-बैठका शरीर घडवण्याऐवजी झिजवतात. याखेरीज वेळेचाही खर्च होता. दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या तरुणाला पहाटे व संध्याकाळी मेहनत करण्याइतकी शक्ती उरली पाहिजे. चांदवडसारख्या कमी पावसाच्या भागात हा प्रश्न अधिक तीव्र असणार, हे उघड आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी ही बाब नेमकी ओळखली. त्यांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कोल्हापूर संस्थानाने तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची व्यवस्था केली आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. केवळ हौद बांधून न थांबता मल्लाच्या पोटाची जबाबदारी घेतल्यामुळेच कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी झाली.

खाशाबा जाधव यांचे उदाहरण हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सिद्ध करते. कराडजवळच्या गोळेश्वर गावातील या मल्लाला पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले. त्यासाठी पैसा लागला नाही. पैसा लागला तो पुढे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले आणि खाशाबांनी सहावे स्थान मिळवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केल्याची हकीकत सुपरिचित आहे. त्या स्पर्धेत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. घरी फुकट मिळालेल्या विद्येला जगापुढे नेण्याची किंमत एका शिक्षकाच्या घराएवढी झाली होती.

तालमीचा उंबरठा

शुल्क आणि खुराक यांपलीकडे आणखी एक अडसर होता, तो जातीचा. हौदातील माती आणि मारुतीची मूर्ती ज्या समाजात पवित्र मानली जाते, त्या समाजात अस्पृश्य मानलेल्या तरुणाला तालमीचा उंबरठा ओलांडणे सोपे नव्हते. अनेक गावांत तालमी जातवार व आळीवार विभागलेल्या असत.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम असाधारण ठरते. मांग समाजात जन्मलेल्या लहुजींचे वडील राघोजी हे १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडल्याचे सांगितले जाते. लहुजींकडे जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व नेमबाजीचे शिक्षण घेतले, आणि त्याचा उल्लेख जोतीरावांनी स्वतः केलेला आहे. वासुदेव बळवंत फडके यांचेही नाव त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच्या हाताखाली इतर जातींची मुले पवित्रा शिकत होती. येथे विद्येबरोबर गुरुत्वाची दिशाही उलटी झाली. लहुजींचे निधन १८८१ साली झाले.

चांदवड, १९८६

जातीचा उंबरठा काही ठिकाणी ओलांडला गेला, परंतु स्त्रीसाठी तालमीचे दार बहुतांशी बंदच राहिले. ब्रह्मचर्य आणि मारुती यांभोवती रचलेल्या या संस्थेत स्त्रीची कल्पनाच केलेली नव्हती. गावच्या वर्गणीत घरातील स्त्रीच्या कष्टाचाही वाटा असे, पैलवानाच्या खुराकासाठी म्हैस तीच धुंडाळी, राखी आणि दोही. लाभ मात्र तिला नव्हता.

या संदर्भात चांदवडचे नाव नव्या अर्थाने महत्त्वाचे ठरते. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने आल्या. त्या निमित्ताने शरद जोशी यांनी ‘चांदवडची शिदोरी’ या पुस्तिकेत जी मांडणी केली, तीत स्त्रीच्या बंधनाचे मूळ शेतीतील वरकड उत्पन्नाची लूट आणि तिच्यातून आलेली हिंसा यांत शोधलेले आहे. लुटीच्या युगात पुरुष लढाईकडे ढकलला गेला आणि स्त्री घराच्या आत, असा त्या विचाराचा गाभा होता. ही मीमांसा सर्वच अभ्यासकांना मान्य होईल असे नाही. तथापि शस्त्र शिकण्याचा अधिकार आणि समाजातील स्थान यांचा संबंध तिने थेट मांडला. ज्या गावाचा किल्ला आणि रंगमहाल शस्त्रबळाची साक्ष देतात, त्याच गावात शस्त्रबळाच्या व्यवस्थेची उलटतपासणी झाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

समग्र शिक्षा योजनेअंतर्गत सरकारी शाळांतील ६ वी ते १२ वीच्या मुलींसाठी ३ महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली. शुल्काचा अडसर त्यातून दूर होतो. परंतु ३ महिने हा ओळख करून देण्याचा काळ आहे. तालमीतील शिष्य वर्षानुवर्षे त्याच हौदात उतरे, आणि त्या सातत्यातूनच विद्या अंगात मुरे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) युद्धकलेचे शिक्षण कधीच विनाखर्च नव्हते. तालमीच्या व्यवस्थेत तो खर्च शिष्यावर न पडता गाव, वस्ताद आणि आश्रयदाता यांच्यात वाटला गेला होता. आजच्या वर्गात तो एकट्या कुटुंबावर पडतो. कला तीच असली, तरी भार उचलणारे खांदे बदलले आहेत.

२) शुल्क हा अनेक अडसरांपैकी एक होय. अन्न, वेळ, जात आणि लिंग हे अडसर शुल्क माफ केल्याने आपोआप दूर होत नाहीत. शाहू छत्रपतींनी अन्नाचा आणि लहुजींनी जातीचा अडसर स्वतंत्रपणे हाताळला, म्हणून त्यांचे कार्य टिकले.

३) लाठी, मल्लखांब, जोर-बैठका आणि कुस्ती यांना लागणारी साधने आजही ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यात आहेत. दुर्मिळ आहे तो नियमित शिकवणारा वस्ताद आणि मुलींना संध्याकाळी निर्धास्तपणे वापरता येईल असे मैदान.

तालमीचा गौरव करताना तिच्या उंबरठ्याबाहेर कोण उभे होते, हेही सांगावे लागते. तालमीचा वारसा पुढे चालवायचा, तर सामायिक खर्चाची तिची रीत घ्यावी आणि तिचा उंबरठा तेवढा मागे सोडावा.