आयकॉनवर क्लिक केले, पुढे काय?

लिनक्सच्या डेस्कटॉपवर आयकॉनवर दोनदा क्लिक केले, कर्सर क्षणभर गरगरला आणि पुढे काहीच घडले नाही, की दोष प्रोग्रामच्या माथी मारला जातो. तोच प्रोग्राम टर्मिनलमधून मात्र व्यवस्थित चालतो. गोम असते मधल्या एका छोट्या मजकुरी फाइलमध्ये. १९९६ मध्ये मॅथियास एट्रिचने केडीई या डेस्कटॉपच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला. दोघांचे मेनू वेगळे, शॉर्टकट लिहिण्याच्या रीतीही वेगळ्या. २००० मध्ये हॅवॉक पेनिंग्टनने सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पातून दोघांना चालेल असा ‘डेस्कटॉप एंट्री’चा समान नमुना पुढे आला. नाव, चित्र, चालवायची आज्ञा, मुख्यतः इतकाच ऐवज. ही फाइल स्वतः चालत नाही. डेस्कटॉप ती वाचतो आणि प्रोग्राम सुरू करतो. बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच आहे. आज्ञा सांगणाऱ्या ‘एक्झेक’ या ओळीत ~/ ने सुरू होणारा पत्ता लिहिला तर तो फुकट जातो, कारण ~ म्हणजे घरचे फोल्डर हे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या शेलला कळते आणि इथे शेल मध्ये येतच नाही. बॅश या शेलच्या आरसी फाइलमध्ये वाढवलेला, प्रोग्राम शोधण्याचा पाथही ग्राफिकल सत्राला सहसा ठाऊक नसतो. ‘ट्रायएक्झेक’मध्ये नोंदवलेला प्रोग्राम सापडला नाही तर मेनूतून अख्खी नोंदच गायब होऊ शकते.

उरलेल्या तक्रारी अविश्वासाच्या इतिहासातून आल्या. डाउनलोड केलेली फाइल परवानगी दिल्याशिवाय चालत नाही, हे युनिक्सचे जुने कवच. डेस्कटॉप एंट्रीला मात्र अशी परवानगी लागतच नव्हती. ईमेलमधून आलेला शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवून क्लिक केला की त्यातली आज्ञा चालणार, हे २००९ च्या फेब्रुवारीत एका लेखाने उघड मांडले. त्यानंतर दोन्ही डेस्कटॉपांनी चालवण्याची परवानगी मागायला सुरुवात केली. तेवढेही पुरले नाही. नावाच्या ‘नेम’ या ओळीच्या शेवटी पीडीएफ लिहून आत घातक आज्ञा दडवता येते, हे २०१७ मध्ये ग्नोमच्या नॉटिलस या फाइल व्यवस्थापकाच्या बाबतीत नोंदले गेले आणि ‘विश्वासू’ अशी आणखी एक खूण आवश्यक झाली. उबुंटूत राइट क्लिक करून ‘अलाऊ लाँचिंग’ निवडावे लागते ते यामुळे. मेनूत चालणारी फाइल डेस्कटॉपवर कॉपी केली की अडते, याचेही कारण हेच: सिस्टिमच्या फोल्डरवर भरवसा आहे, डेस्कटॉपवर नाही. २०१९ मध्ये तर केडीईत ‘आयकॉन’ या ओळीतच आज्ञा पेरता येते, नुसते फोल्डर उघडले तरी ती चालते, असे दिसले. केडीईने ती सोयच काढून टाकली, आणि ते बरे केले.

विंडोजचा शॉर्टकट विनातक्रार चालतो, मग इथेच एवढा सोवळेपणा कशाला, असे कोणी म्हणेल. पण २०१० मध्ये स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पसरला तो विंडोजच्या शॉर्टकटमधील त्रुटीवरच. आयकॉन नुसता दिसणे पुरेसे होते. लिनक्सवरही धोका कागदी नाही: सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सवर काम करणाऱ्या भारतीय सरकारी कार्यालयांवर पीडीएफचे सोंग घेतलेल्या डेस्कटॉप एंट्रींनीच हल्ले झाल्याचे सुरक्षा संशोधकांनी नोंदवले आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परवानगी मागा, पण नकाराचे कारण तरी सांगा! याला माझ्या मते बचाव नाही. चुकलेल्या पत्त्याबद्दल गप्प बसण्याने कोणाचीही सुरक्षा वाढत नाही. प्रोग्रामची कुरकुर पुष्कळदा सिस्टिमच्या जर्नल या नोंदवहीत नोंदलेली असते, फक्त ती पडद्यावर आणायची तसदी कोणी घेतलेली नसते. ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ हे साधन फाइलचे व्याकरण तपासते, पण ‘एक्झेक’मधला प्रोग्राम खरोखर जागेवर आहे का, हे पाहत नाही. म्हणून एक्झेकची ओळ टर्मिनलमध्ये पूर्ण पत्त्यासह चालवून पाहणे हाच आजही पहिला उपाय ठरतो, आणि तिथे ती चालली तर मगच परवानगी आणि विश्वासाच्या खुणेकडे वळावे.