बर्फावरचा पाऊस

वेलिंग्टन म्हटले की मराठी वाचकाला १८०३ सालची असईची लढाई आठवायची. मला मात्र त्या नावाचे एक इवलेसे रेल्वे स्टेशन आठवते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वताच्या ऐन घाटात ते होते.

१९१० च्या फेब्रुवारीत तेथे दिवसच्या दिवस बर्फ कोसळत राहिले. उतारूंची एक गाडी आणि एक टपालगाडी तेथेच अडकल्या. पुढचा मार्ग बंद, मागचाही बंद. खाली टाय नदीची दरी, आणि वरच्या उतारावरचे रान पूर्वीच्या वणव्यांत जळालेले. बर्फ अडवून धरणारी झाडेच उरली नव्हती! गाडी जवळच्या बोगद्यात न्या, असा उतारूंनी आग्रह धरला. अधिकाऱ्यांना बोगद्यातली ओल आणि धूर नको वाटला. काही जण पायीच डोंगर उतरले, ते वाचले.

मग हवा पालटली. थंडी ओसरली, पाऊस लागला. कोंडलेल्या माणसांना ती ऊब सुटकेचा निरोप वाटली असेल, तर नवल नाही. पण घात होता तो तिच्यातच. ताज्या बर्फात पाणी मुरले की त्याचा भार वाढतो आणि कणाकणांना जखडणारी पकड सैल होते. आपल्या घाटांत भिजलेली दरड सुटते, तसेच म्हणा ना. १ मार्चला मध्यरात्र उलटून गेल्यावर, विजांच्या कडकडाटात, वरचा उतार सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत गेल्या. ९६ माणसे दगावली. त्यांत उतारूंपेक्षा रेल्वेचे नोकरच अधिक.

१९१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दैवी आपत्ती ठरवली. त्या जागी पूर्वी असा हिमलोट आला नव्हता, हा कंपनीचा मोठा आधार. कायद्याचे मी जाणत नाही. पण ते ‘पूर्वी’ झाडी असलेल्या डोंगराचे होते, बोडक्या झालेल्या डोंगराचे नव्हे, एवढे मला म्हणावेसे वाटते.

आज बर्फातून डोंगर चढणारे पावसानंतर आधी रात्रीची थंडी पाहतात. ओला थर आतपर्यंत गोठून टणक झाला, की केवळ वरची पापडी धरली? पापडी मोडून पाय ओल्या बर्फात रुतू लागला, वरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले, की ते उताराखालून निमूट परततात.

कंपनीने त्याच वर्षी स्टेशनचे नाव बदलून ‘टाय’ ठेवले. १९२९ मध्ये नवा लांब बोगदा झाला आणि ते ठाणेच उठले. जुन्या रुळांच्या जागी आता पायवाट आहे. हिवाळ्यात मात्र हिमलोटाच्या भयाने तिकडे जाऊ नये, असे सांगतात.