कोणी लिहायचे, कोणी वाचायचे

अणदूर हे धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांच्या साथीने जिल्ह्यातल्या 34 गावांत 13 ते 17 वयाच्या 1010 मुलींचे हिमोग्लोबिन मोजले. सरासरी निघाली 10.1 ग्रॅम. 12 ग्रॅमच्या खाली असलेल्या मुली शंभरात 87. हा शोधनिबंध 2017 मध्ये ‘पब्लिक हेल्थ’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. काम चोख, नियतकालिक नावाजलेले. तरी एक प्रश्न उरतोच. रक्त धाराशिवच्या मुलींचे, पण त्यातून निघालेला आकडा इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरपर्यंत, शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत आणि आशाताईंपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचायचा?

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 2022-23 पासून दरवर्षी 100 विद्यार्थी येऊ लागले. त्यातले काही जण पुढे संशोधन करतील, आणि या जिल्ह्यातून वैद्यकीय संशोधनाचे एखादे खुले नियतकालिक निघावे असे कुणाच्या ना कुणाच्या मनात येईलच. यावे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना त्याचा पूर्वेतिहास आणि त्यातले खाचखळगे दोन्ही सांगायला हवेत.

फेब्रुवारी 2002 मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. शोधनिबंध कुणालाही इंटरनेटवर मोफत वाचता यावा, उतरवून घेता यावा, पुढे देता यावा, एवढीच त्याची मागणी. ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द तिथून रूढ झाला. मुंबईत परळला त्याच सुमारास हे प्रत्यक्षात चालू होते. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून 1955 पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ इंटरनेटवर सर्वांना खुले झाले आणि लेखकांकडूनही पैसे घेतले गेले नाहीत. त्यामागे डॉ. देवकुमार साहू यांची मेडनो ही मुंबईचीच प्रकाशनसंस्था होती. खुले झाल्यावर या नियतकालिकातल्या लेखांचे संदर्भ लवकर आणि जास्त घेतले जाऊ लागले, हे पुढे मोजूनही दाखवले गेले. 2011 मध्ये मेडनो वॉल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी कंपनीकडे गेली. त्याची हळहळ वाटणारे बरेच जण आहेत. मीही त्यातलाच.

जगभर मात्र वारे वेगळ्या दिशेने वाहिले. वाचकाकडून घ्यायचे पैसे लेखकाकडून घ्यायची रीत पडली. नामांकित खुल्या नियतकालिकांत एक लेख छापायला दोन-तीन हजार डॉलर सर्रास लागतात. परांड्याच्या किंवा भूमच्या डॉक्टरने ते कुठून आणायचे? वाचायला दार उघडे आणि लिहायला कुलूप, याला खुलेपणा म्हणायला माझे मन घेत नाही.

याच फटीतून बनावट नियतकालिके शिरली. पदोन्नतीसाठी लेख हवेत, पैसे भरले की चार दिवसांत ‘स्वीकारले’ असा ईमेल येतो, समीक्षण नावालाच. यातली मोठी बाजारपेठ दुर्दैवाने आपल्याच देशात आहे. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीला 2019 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने लेखकांची फसवणूक केल्याबद्दल 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. नव्या नियतकालिकाकडे लोक आज पहिल्यांदा संशयानेच बघणार, आणि त्यांचे काही चुकत नाही.

वाचणाऱ्यांच्या बाजूने म्हणाल तर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, सुमारे 6300 सरकारी संस्था, जवळपास 13,000 नियतकालिके. सरकारी संस्थेत शिकणाऱ्याची यात चांगली सोय झाली. तुळजापुरात स्वतःचा दवाखाना चालवणारा फिजिशियन किंवा स्वयंसेवी संस्थेतली डॉक्टर मात्र या यादीबाहेरच राहिली. शिवाय या पैशाने वाचायची सोय होते, इथल्या आजारांवर इथून लिहिले जाण्याची होत नाही.

खेड्यातल्या डॉक्टरने कसले संशोधन करायचे, असे विचारणाऱ्यांना डॉ. हिंमतराव बावस्कर हे उत्तर आहे. मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्याचे. 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, रक्तदाब, फुप्फुसात साचणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापल्या. प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध विंचूदंशावर वापरायची पद्धत या कामातून उभी राहिली. 2011 मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या त्यांच्या चाचणीत 70 रुग्ण होते. 35 जणांना नुसते प्राझोसिन, 35 जणांना त्याबरोबर विंचवाची लसही. दहा तासांत पहिल्या गटातले 8 पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले 32. हा लेख कुणालाही फुकट वाचता येतो. सत्तर रुग्ण आणि नेमके विचारलेला एक प्रश्न, एवढ्यावर हे झाले.

आता आपल्याकडचा केस पेपर बघा. नाव, वय, गाव, तारीख. खाली ‘ताप 3 दिवस, थंडी, अंगदुखी’. मग तीन गोळ्यांची नावे आणि सही. वजन नाही, थर्मामीटरचा आकडा नाही, माणूस पुन्हा आला का याची नोंद नाही. पुढच्या वेळी तो पेपर आणला तर आणला, नाहीतर नवा काढायचा. ओपीडीत दोनशे माणसे रांगेत असताना डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. पण संशोधन अडते ते इथे. ओपीडीच्या रजिस्टरला दोनच रकाने वाढवून वर्षभर इमानाने भरले, तरी त्यातून एक लेख निघू शकतो. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही ही सबब त्यानंतर फारशी टिकत नाही.

विषयांना तर इथे तोटा नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सहा महिने जिल्ह्याबाहेर असतात. त्यांच्या गरोदरपणाच्या तपासण्या कुठे होतात आणि कुठे राहून जातात? 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात उमरगा-लोहाऱ्याकडची गावे जमीनदोस्त झाली; पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली मुले आज तिशी ओलांडून गेली, त्यांची झोप, रक्तदाब, व्यसने यांचे काय? शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 मध्ये बळीराजा चेतना अभियान ज्या दोन जिल्ह्यांत सुरू झाले, त्यातला एक हा; त्यातले काय उपयोगी पडले आणि काय नाही? ‘काय उपयोगी पडले नाही’ हे छापायला मोठी नियतकालिके नाखूश असतात. लहान नियतकालिकाचे खरे काम तेच आहे.

यंत्रणा उभी करणे फार अवघड राहिलेले नाही. ओपन जर्नल सिस्टिम्स ही संगणकप्रणाली फुकट मिळते, आयएसएसएन क्रमांकाला भारतात पैसे पडत नाहीत. अवघड आहे ती शिस्त. खुल्या नियतकालिकांच्या जागतिक सूचीत, म्हणजे डीओएजेत, जायचे तर संपादक, संपादक मंडळ किंवा समीक्षक यांचा सहभाग असलेले लेख चौथ्या हिश्शाहून जास्त चालत नाहीत. एका महाविद्यालयाच्या नियतकालिकाला हा नियम भारी जातो, कारण विभागप्रमुखच मंडळावर आणि विभागप्रमुखांचेच नाव लेखावर. म्हणून समीक्षक जिल्ह्याबाहेरचे हवेत, आणि सरांचा लेख परत पाठवायची संपादकाची तयारी हवी. चाचणी असेल तर तिची भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आधी नोंद झालेली हवी. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत हवे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते कुणी वाचून दाखवले हेही लिहिलेले हवे.

माझा एक आग्रह आहे, तो मान्य होईलच असे नाही. लेख इंग्रजीत असू द्या. जगाने वाचायचे तर ते लागते. पण प्रत्येक लेखासोबत दीडशे-दोनशे शब्दांचा मराठी सारांश हवा, आणि तो लेखकाने स्वतः लिहावा. आपला निष्कर्ष गावातल्या आरोग्यसेविकेला, म्हणजे एएनएमला, समजेल असा लिहिताना तो किती पोकळ आहे ते पुष्कळदा पहिल्यांदाच कळते. पैसे ना वाचकाकडून घ्यावेत, ना लेखकाकडून. खर्च महाविद्यालयाने किंवा शासनाने उचलावा. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात तो फार नाही.

इंटर्नशिपला जाणाऱ्या मुलामुलींनी मोठ्या विषयाची वाट पाहत बसू नये. ग्रामीण रुग्णालयात असताना एक प्रश्न ठरवा, नैतिकता समितीची परवानगी घ्या, सहा महिने नोंदी ठेवा आणि निष्कर्ष मनासारखा निघाला नाही तरी लेख पाठवा.