यंत्रापुढे उभा अंध कामगार

आपल्या नागपुरात बर्फ पडत नाही, पडल्या तर गारा पडतात. पण इथल्या कितीतरी घरांतली मुलं टोरांटो नाहीतर मिनेसोटाकडे आहेत, आणि दारापुढचा बर्फ उडवायचं यंत्र त्यांनी आपल्याला फोनवर दाखवलेलं असतं. पुढे फिरणारं पातं, वर बर्फ फेकणारं नळकांडं. हे यंत्र तिकडे दृष्टिहीन माणसंही चालवतात म्हटलं की आपण लगेच विचारतो, अहो, हात जाईल ना! या ‘हात जाईल’चाच इतिहास आज आपण पाहू, कारण त्या दोन शब्दांपायी अनेकांची भाकरी गेली आहे.

आता बघा, नळकांड्यात ओला बर्फ अडकतो. डोळस माणूस तो पाहतो आणि ‘एवढंच तर आहे’ म्हणून हात घालतो. दृष्टिहीन माणूस आधी यंत्र बंद करतो, आवाज पूर्ण थांबू देतो आणि मग काठीने बर्फ काढतो. खरं तर नियम सगळ्यांना हाच आहे. आपल्याकडे याच जातीची यंत्रं म्हणजे कडबा कुट्टी आणि मळणीचं थ्रेशर. थ्रेशरमध्ये इतके हात गेले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ते हात काय अंधांचे होते?

तरी संशय अंधांवरच राहिला. हेन्री फोर्डने १९२२ च्या आत्मचरित्रात आपल्या कारखान्यातल्या कामांची मोजदाद दिली आहे. एकूण ७,८८२ प्रकारची कामं. त्यातली २,६३७ एक पाय नसलेल्याला जमतील, ७१५ एक हात नसलेल्याला, आणि दृष्टिहीनाला किती? १०! त्याच पुस्तकात तो सांगतो की नट-बोल्ट मोजायला एक अंध माणूस ठेवला, आणि दोनच दिवसांत मुकादमाने आधीच्या दोघा धडधाकट माणसांना दुसरीकडे पाठवायला सांगितलं. तिघांचं काम हा एकटा उरकत होता. आम्हाला तर वाटतं, हा किस्सा त्या १० च्या आकड्यावरच शंका घ्यायला लावतो.

हा आकडा मोडला तो युद्धाने. लंडनमध्ये १९१५ साली आर्थर पिअर्सन या स्वतः दृष्टी गमावलेल्या गृहस्थाने युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा तिकडचे अंध कामगार लेथवर उभे राहिले. जादू काही नव्हती. वस्तू एकाच जागी बसेल असा साचा, पुढे सरकू न देणारा अडसर, बोटांनी वाचता येणारा मायक्रोमीटर. प्रेसला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडतच नाही. हात आपोआप बाहेर! मजा म्हणजे ही दोन बटणं डोळस कामगारांच्याही कामाची.

भारतात हा विचार डेहराडूनमार्गे आला. १९४३ मध्ये तिथे भारतीय अंध सैनिकांसाठी केंद्र निघालं, १९५० मध्ये प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र. मुंबईत १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. क्रिकेटवाले विजय मर्चंट, त्यांनी आपल्या कापडगिरणीत अपंगांना कामावर घेतलं. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आणि विदर्भात? नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ पासून धडधडत होती, दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालयही आहे. पण देशभरातल्या अंधशाळांतून शिकवलं जाई ते वेताच्या खुर्च्या विणणं, खडू, मेणबत्त्या. सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्या होत्या तोवर ठीक, प्लास्टिकची खुर्ची आली आणि तो धंदाच बसला. वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात वेगळा प्रयोग झाला. हातमाग, पत्र्याचे डबे, अशी खरी कामं अपंगांच्या हाती दिली. कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेल्याला डोळ्यांनी हात सांभाळावे लागतात, अंधाला बोटांनी. म्हणजे माणूस बघून कामाची मांडणी करायची, एवढं त्यात आलं.

मालक काय म्हणतात तेही ऐकू. अपघात झाला तर भरपाई आम्हीच द्यायची ना? रास्त आहे. पण १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलमच सांगत असे की यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवं. ते धड असेल तर अंधाचाही हात आत जात नाही, आणि नसेल तर डोळसाचाही जातो. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी मागायला गेलेल्या मुलाला हे उलटून विचारता आलं पाहिजे.

१९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना ३ टक्के जागा दिल्या, त्यात १ टक्का दृष्टिहीनांना. २०१६ मध्ये एकूण प्रमाण ४ टक्के झालं. पण कुठलं पद कुणाला ‘योग्य’ याची यादी सरकारच करतं, अगदी फोर्डसारखी. खाजगी कारखान्यांना तर हे आरक्षण लागूच नाही. तिथे आजही मुलाखतीत पहिला प्रश्न ‘हात जाईल ना’ हाच असतो.