एकदा लागलेला निकाल

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावात शेताच्या धुऱ्याचा वाद कोर्टात गेला, निकाल लागला, अपिलाची मुदतही सरली. मग हरलेल्याने नवा वकील धरून तोच दावा पुन्हा ठोकला, तर? समोरचा वकील लेखी जबाबातच हरकत घेतो: या मुद्द्याचा निकाल आधीच लागला आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 ची ही हरकत. पुस्तकांत तिला पूर्वन्याय म्हणतात, बाररूममध्ये मात्र ‘रेस ज्युडिकेटा’.

लॅटिन नाव ऐकून हा नियम साहेबाने बोटीतून आणला असे वाटते. 1859 च्या दिवाणी संहितेत तो आला, हे खरे. पण त्याची एक मुळी आपल्याच मातीत आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. प्रतिवादीला चार प्रकारे उत्तर देता येते, असे तीत सांगितले आहे. आरोप साफ नाकारायचा, तो मान्य करायचा, मान्य करून आपल्या बाजूचे कारण द्यायचे, किंवा ‘याच वादात हा माझ्याशी आधी हरला आहे’ असे म्हणायचे. हे चौथे उत्तर म्हणजे प्राङ्न्याय. ते नुसते बोलून भागत नसे. सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवरच पडे. त्याने जयपत्र, म्हणजे आधी जिंकल्याचा लेख, दाखवावे, नाहीतर आधीचा निवाडा पाहिलेली माणसे उभी करावीत.

मराठेशाहीत यापुढची खबरदारी घेतली जाई. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येण्याआधी दोन्ही पक्षांकडून ‘निवाडा होईल तो मान्य’ असा राजीनामा आणि जामीन घेत. निवाडा झाला की हरलेला आपल्या हाताने येजितखत लिहून देई: माझा दावा खोटा ठरला, पुन्हा कज्जा करणार नाही. जिंकणारा सरकारात हरकी म्हणजे नजराणा भरी, हरणारा गुन्हेगारी म्हणजे दंड.

नियमाचे आपल्या जुन्या शास्त्राशी असलेले हे नाते लंडनलाही मान्य झाले. 1916 मध्ये शिवपरसन सिंह खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे पूर्वन्यायाचा प्रश्न होता. निकाल लिहिणारे सर लॉरेन्स जेनकिन्स पूर्वी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. नियमाचा उगम इंग्रजी मानला तरी हिंदू टीकाकारांच्या कायद्याशी तो मुळीच विसंगत नाही, असे सांगताना त्यांनी कात्यायन आणि मिताक्षरेचा दाखला दिला.

स्वतंत्र भारतात या नियमाचा पल्ला वाढला. 1961 च्या दरयाव खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी तो मूलभूत हक्कांच्या याचिकांनाही लावला. हायकोर्टाने गुणदोषांवर फेटाळलेली याचिका अपील न करता राज्यघटनेच्या कलम 32 खाली सुप्रीम कोर्टात नव्याने आणता येत नाही.

तरी हा नियम प्रत्येक भांडण मिटवतो असे नाही. वाशीम जिल्ह्यातल्याच शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा दिगंबर-श्वेतांबर वाद 1910 मध्ये अकोल्याच्या कोर्टात गेला. प्रिव्ही कौन्सिलने 1929 मध्ये निकाल दिला, तरी प्रकरण 2023 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे होतेच. निकालाच्या अंमलबजावणीतून निघणारे नवे प्रश्न पूर्वन्यायाने अडत नाहीत.

म्हणून जिंकलेल्यांनी कागद जपावेत. पूर्वन्यायाची हरकत सिद्ध करायला एकट्या निकालाची नक्कल सहसा पुरत नाही. जुना दावा, लेखी जबाब आणि कोर्टाने काढलेले मुद्दे यांच्याही सहीशिक्क्याच्या नकला काढून ठेवा.