लायस्टेड कायदा

शालेय खेळाडूंच्या मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याविषयीचा (कन्कशन) अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा कायदा. तो एका मुलाच्या दुखापतीवरून २००९ मध्ये झाला. ऑक्टोबर २००६ मध्ये तेरा वर्षांचा झॅकरी लायस्टेड अमेरिकन फुटबॉलच्या शालेय सामन्यात डोक्यावर आपटला. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून तो मैदानावर लोळत होता. तरीही मध्यंतरानंतर पुन्हा खेळायला उतरला. सामना संपताच कोसळला. मेंदूची सूज वाढल्याने कवटीच्या दोन्ही बाजू उघडाव्या लागल्या. पहिला शब्द उच्चारायला त्याला नऊ महिने लागले.

पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसल्यास मेंदू झपाट्याने सुजू शकतो. हे क्वचित घडते, पण बहुधा कोवळ्या वयातच. हेल्मेटमुळे कवटी वाचते. आत मेंदूचे हिंदकळणे थांबत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही, सीटी स्कॅनही बहुधा निर्दोष येतो. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे ही लक्षणे ओळखावी लागतात, आणि संघाबाहेर बसायची इच्छा नसलेला मुलगा ती लपवतो.

म्हणून कायद्याने परत खेळण्याचा निर्णय खेळाडूवर सोडलेला नाही. हादऱ्याचा नुसता संशय आला तरी त्याला मैदानाबाहेर काढायचे आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पालक व खेळाडू दरवर्षी माहितीपत्रकावर सही करतात. कायद्यातील हा भाग सर्वांत कमकुवत म्हणावा लागेल, कारण सही न वाचताही होते. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत या विषयावर कायदे झाले.